सहा दिवसांचं शेड्यूल झेपत नाही, उचलायचं वजनही वाढत नाही. माझ्यासाठी कोणता प्रोग्रॅम योग्य?

वय ३१, वजन ६८ किलो, जिम लावून तीन महिने झाले, सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असं करत पाय थेट शनिवारी, आणि स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन उठाबशी) ४० किलोवर अडकलाय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते हे शेड्यूल सोडा. त्यात महिन्याला जेमतेम चार वेळा स्क्वॉट होतो, तेवढ्यात ना सराव होतो ना ताकद वाढते.

लेव्हल ठरवताना महिने मोजू नका. रॉडवरचं वजन किती लवकर वाढवता येतं ते बघा. दर वर्कआउटला वाढत असेल तर तुम्ही नवशिके, आठवड्यातून एकदाच वाढत असेल तर मधल्या टप्प्यावर. तुम्ही अजून नवशिके आहात आणि ही चांगली गोष्ट आहे, कारण इतक्या वेगाने पुन्हा कधीच वजन वाढत नाही.

आठवड्यात तीनच दिवस, मध्ये एक दिवस आराम. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस (आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं), बारबेल रो (वाकून रॉड पोटाकडे ओढणं). पुढच्या वेळी स्क्वॉट, शोल्डर प्रेस (उभं राहून रॉड खांद्यावरून डोक्यावर नेणं), डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं). असं आलटून पालटून. प्रत्येकाचे ५ रेपचे ३ सेट (एकदा उचलणं म्हणजे एक रेप, न थांबता केलेले रेप म्हणजे एक सेट), डेडलिफ्टचा मात्र एकच. स्क्वॉट ३० किलोपासून धरा. पाच रेप झाल्यावर अजून तीन निघतील असं वाटलं पाहिजे. मग दर वेळी २.५ किलो वाढवा, डेडलिफ्टला सुरुवातीला ५ चालतील.

आता जिथे गाडी अडते ते. रॉडचं वजन धरायला लोक विसरतात. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो, पण गल्लीतल्या जिममधला बारीक रॉड त्याच्या निम्म्याचाही असू शकतो, म्हणून एकदा काट्यावर ठेवून बघा. दुसरं, जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट २.५ किलोची असेल तर दोन्ही बाजू मिळून ५ किलो वाढतात. २५ किलोच्या शोल्डर प्रेसला ही २० टक्क्यांची उडी झाली, तिथे कुणीही अडकेल. १.२५ किलोच्या दोन प्लेट विकत घ्या आणि बॅगेतच ठेवा. तिसरं, दोन सेटमध्ये पूर्ण तीन मिनिटं थांबा. घाम निघावा म्हणून ४५ सेकंदांत पुन्हा रॉडखाली गेलात तर चौथा-पाचवा रेप जाणारच.

स्क्वॉटचा व्हिडिओ बाजूने काढा. खुब्याची घडी गुडघ्याच्या खाली गेली तरच रेप धरा. पुष्कळांचं वजन वाढतं तसतसं बसणं कमी होत जातं आणि कागदावर प्रगती दिसत राहते. टाचा उचलल्या जात असतील तर मऊ सोलचे रनिंग शूज काढून सपाट सोलचे घाला.

एकाच वजनावर सलग तीन वर्कआउट रेप पूर्ण झाले नाहीत तर आधी झोप आणि जेवण तपासा. तुम्हाला दिवसाला साधारण ११० ग्रॅम प्रोटीन लागेल, आणि एका अंड्यात जेमतेम ६ असतं. वरण-भातावर हे भागत नाही. ते ठीक असेल तर रॉडवरचं वजन १० टक्के उतरवून पुन्हा चढा. दुसऱ्यांदाही त्याच जागी अडलात, तर मधल्या टप्प्याचा प्रोग्रॅम घ्या: सोमवारी ५ रेपचे ५ सेट, बुधवारी हलकं, शुक्रवारी ५ रेपचा एकच सेट, पण नव्या वजनाने.

मांड्या दोन दिवस दुखल्या तर घाबरू नका. कंबरेतून पायात कळ गेली तर मात्र रॉड तिथेच ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बीपीचा त्रास असेल तर सुरू करण्याआधीच विचारा, कारण जड वजनाला श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो.