आजारी मुलांना घेऊन विमानाने परतताना

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुन्नारला गेलो होतो. परतीच्या आदल्या दिवशी पाच वर्षांच्या मुलीला सर्दी-ताप आला आणि सव्वा वर्षाच्या मुलाला सर्दीबरोबर जुलाबही सुरू झाले. तिकिटे काढलेली असल्याने तसेच घाट उतरून कोचीला आलो आणि मुंबईचे विमान पकडले. विमान खाली येऊ लागताच मुलगा जिवाच्या आकांताने रडू लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उशीवर कानातून आलेला पू दिसला. डॉक्टरांनी कानाच्या पडद्याला बारीक छिद्र पडल्याचे सांगितले. सासूबाई म्हणतात, दोन दिवस थांबायला हवे होते. आमचे खरेच चुकले का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातील हळहळ समजते, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पू दोन तासांच्या प्रवासात तयार होत नाही. सर्दीमुळे मधल्या कानात जंतुसंसर्ग आधीच सुरू झालेला असणार आणि विमान उतरताना बदललेल्या दाबाने त्या सुजलेल्या कानाच्या वेदना वाढवल्या असणार. असा संसर्ग झालेल्या मुलांचा पडदा घरी बसूनही फुटतो.

विमानातील हवेचा दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका, म्हणजे मुन्नारपेक्षाही थोड्या अधिक उंचीवरचा असतो. विमान खाली येऊ लागले की बाहेरचा दाब वाढतो आणि मधल्या कानाला नाकाच्या मागच्या भागाशी जोडणाऱ्या नळीतून हवा आत शिरल्याशिवाय तो समतोल साधत नाही. लहान मुलांमध्ये ही नळी अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यात सर्दीने सूज आली की ती बंदच होते, आणि पडदा आत ओढला जाऊन दुखू लागतो. म्हणूनच मुले विमान चढताना कमी आणि उतरताना जास्त रडतात.

विमान उतरण्यापूर्वी साधारण अर्धा तास खाली येऊ लागते. त्या वेळी झोपलेल्या बाळाला उठवावे, कारण झोपेत गिळणे कमी होते. त्याला अंगावर किंवा वाटी-चमच्याने दूध पाजावे. मोठ्या मुलीला घोट घोट पाणी द्यावे. नाकात सलाइनचे थेंब घालावेत आणि ताप किंवा कानदुखी असल्यास डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली पॅरासिटामॉलची मात्रा विमान खाली येण्याच्या अर्धा तास आधी द्यावी. मूल झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध मात्र देऊ नये. अशा काही मिश्र औषधांवर ती चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत असा इशारा छापण्याचा आदेश आपल्याकडे 2023 मध्ये निघाला आहे.

सासूबाईंचे म्हणणे मला अर्धे पटते. थांबायचे कारण कानापेक्षा जुलाब हे अधिक होते. मूल सहा-आठ तास लघवी करत नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा ते सुस्त पडले असेल, तर तिकिटाचा विचार न करता जवळचे रुग्णालय गाठावे. मूल तरतरीत असेल, तर प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर ओआरएस चमच्या-चमच्याने पाजत प्रवास करता येतो; उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात पूड मिसळावी. खोक्यातली गोड पेये ओआरएसच्या जागी चालत नाहीत. विमानतळावरून घोडबंदरपर्यंत वाहतुकीत किती वेळ जाईल, हे आपण माझ्याहून चांगले जाणता, तेव्हा तेवढी बाटली हाताशी असू द्यावी.

एक गोष्ट मात्र राहून गेली, असे मला वाटते : कोचीला पोहोचल्यावर एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून दोघांचे कान तपासून घ्यायला हवे होते. पुढच्या वेळी सर्दी-ताप असला, तर एवढे अवश्य करावे. अंगावर कांजिण्यांचे फोड असतील, तर ते सगळे खपली धरेपर्यंत विमानात बसूच नये, कारण शेजारच्या आसनावर गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ असू शकते.

आता मुलाच्या कानात पाणी जाऊ देऊ नये, तेल मुळीच घालू नये. असे छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. तरीही मे महिन्याची तिकिटे काढण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडदा भरल्याची खात्री करून घ्यावी.