मार्चमध्ये इंदूरला येताय? मग बॅग अशी भरा

ताई, पहिल्यांदाच येताय म्हणून सांगते, जाड स्वेटर आणू नका, मी माहेरून परत येताना दरवर्षी एक आणते आणि तो तसाच घडी घातलेला राहतो. मार्चच्या सुरुवातीला इथे दुपारी ३०-३२ डिग्री सहज होतं पण माळव्याची रात्र गार, पारा पार १५-१६ पर्यंत उतरतो, म्हणजे राजवाडा दुपारी बघताना घाम आणि रात्री त्याच्याच मागच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला उभं राहिलं की दंडावर काटा. त्यामुळे कॉटनचा कुर्ता आणि पर्समध्ये एक शाल नाहीतर पातळ जॅकेट, बस झालं.

चपला मात्र नीट बघून घ्या. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की रात्री खाण्याची दुकानं लागतात, तिथे बसायला फारशी जागा नसते, दोन-तीन तास उभ्यानेच खाणं, गर्दीत कोणीतरी पाय देणारच आणि खाली तेलकट-चिकट असतं, म्हणून सपाट, पुढून बंद आणि पटकन निघणारी चप्पल, कारण काच मंदिरात ती काढावी लागते. हील्स घरीच ठेवा प्लीज.

आणि हो, रंगपंचमी त्याच दिवसांत येत असेल तर एक टाकाऊ ड्रेस वेगळा आणा. गेरमध्ये, म्हणजे इथल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत, टँकरने रंग उडवतात, पांढरा कुर्ता फोटोत छान दिसतो पण नंतर पोतेऱ्यालाच जातो, माझे दोन गेलेत. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी, केसांना आदल्या रात्रीच तेल.