घरी ग्लूटेन-फ्री, व्हीगन ब्रेड करताना दर वेळी वीट का होते?

ताई, तुम्ही खारघरच्या. घरात ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे, मुलाला सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) निघाल्यामुळे गहू बंद आणि जाऊबाईंनी दूध-अंडी सोडलेली. दोघांनाही चालेल असा एकच साधा ब्रेड हवाय, झँथन गमसारखी पीठ बांधणारी, मुद्दाम मागवावी लागणारी पावडर नकोय, आणि आजवर तीनदा केलात तो तिन्ही वेळा वीट होऊन बाहेर आला. तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य वाचून मला दुखणं कळलं: "पीठ मऊसूत होईपर्यंत पंधरा मिनिटं मळलं, दोनदा फुगवलं, तरी..."

मळू नका. दोनदा फुगवू नका. आणि पाणी तुम्ही घातलंत त्याच्या जवळजवळ दीडपट लागेल.

हे मी मोठ्या अनुभवाने सांगतोय. पहिल्या वर्षातल्या माझ्या विटा जपून ठेवल्या असत्या तर ठाण्याच्या चरईतल्या आमच्या गॅलरीत तुळशीवृंदावन उभं राहिलं असतं. सहा वर्षांपूर्वी बायकोला सिलिअ‍ॅक असल्याचं कळलं, पुढच्याच वर्षी मुलगी कॉलेजात व्हीगन झाली. तोवर मी स्वयंपाकघरात चहापुरता जाणारा माणूस. पण ठाण्यात राहायचं, मामलेदारच्या मिसळीच्या गप्पा मारायच्या आणि घरातल्या दोघींपुढे पाव ठेवायचा नाही, हे मला बघवेना.

आता वीट का होते ते. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि रबरासारखं जाळं तयार होतं, तेच ग्लूटेन. यीस्टने सोडलेली हवा त्या जाळ्यात अडकते, म्हणून पाव फुगतो. ज्वारीत, तांदळात हे जाळं होतच नाही. पंधरा मिनिटं काय, दिवसभर मळलंत तरी हाताला फक्त कळ लागेल. अंडं घालणारे लोक थोडे वाचतात, कारण अंडं भट्टीत घट्ट होऊन आधार देतं. आपल्याला तेही चालत नाही.

हे सगळं मी वाचून काढलं होतं, तरी ब्रेड जमत नव्हता. जमला तो आईमुळे. आई मूळची वाईकडची, तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. ओट्यापाशी येऊन तिने माझ्या पातेल्यात बोट घातलं, पीठ दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, "ह्याला विरी कुठंय? उकड काढ की."

विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेने फाटते, मग आई म्हणायची, "विरी गेली पिठाची." आणि विरी गेलेल्या पिठाला आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या काय करत आल्या? उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढतात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी धरून ठेवतो. म्हणजे ग्लूटेनशिवाय पीठ कसं बांधायचं हे या महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही. आपण मात्र परदेशी व्हिडिओ बघून ज्वारीची कणीक मळत बसतो. गव्हाचा ब्रेड डोक्यातून काढा आणि भाकरी आठवा, माझं सगळं सांगणं एवढंच.

उकडीने पीठ बांधलं जातं, पण हवा धरायला ती एकटी पुरत नाही. तिथे इसबगोल. हो, आजोबा रात्री झोपताना घ्यायचे तोच, गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो. फक्त साधा घ्या, संत्र्याच्या किंवा लिंबाच्या स्वादाचा नको. माझ्या एका मित्राने तो स्वादवाला घातला होता. ब्रेड फुगला छान, पण खाताना सर्दीचं औषध घेतल्यासारखं वाटत होतं. इसबगोल पाण्यात पडला की पाच मिनिटांत त्याचा काचेसारखा लिबलिबीत गोळा होतो. तो ताणला जातो, हवा कोंडून धरतो, म्हणजे आपल्या ब्रेडची विरी. झँथन गम लागत नाही, अंड्याचीही आठवण येत नाही.

पिठांचं आता जरा सविस्तर सांगतो, कारण आम्ही सगळ्यात जास्त मार इथेच खाल्ला. ज्वारी ग्लूटेन-फ्री, हे खरं. पण गिरणीतून दळून आणलेलं ज्वारीचं पीठ ग्लूटेन-फ्री असेलच असं नाही. तुमच्या आधी कुणीतरी दहा किलो गहू दळून गेलेलं असतं आणि जात्यात, पिशवीच्या तोंडाशी ते पीठ राहिलेलं असतं. पहिले चार महिने आम्ही घरात गव्हाचा कण येऊ दिला नाही, तरी बायकोचं पोट बिघडायचंच. डॉक्टरांनीच विचारलं, "पीठ कुठून आणता?" गिरणीवाले काका बिचारे सज्जन, म्हणाले, "तुमचं दळण सकाळी पहिलं घेतो." पण सकाळच्या पहिल्या दळणाआधी रात्रीचं शेवटचं दळण असतंच ना. शेवटी घरघंटी घेतली. आता ज्वारी जांभळी नाक्यावरून आणतो, शक्यतो मालदांडी वाणाची, निवडून घेतो (पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात, अगदी सापडतात), धुऊन वाळवतो आणि लागेल तेवढीच दळतो. तुम्हाला वाशीचं धान्य मार्केट त्या मानाने जवळ पडेल. घरघंटी नको असेल तर पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' असं स्पष्ट छापलेलं पीठच घ्या. आपल्याकडच्या नियमानुसार तसं छापायचं तर एका किलोत २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

पीठ ताजं हवं. ज्वारीच्या पिठाला महिन्याभराने कडवटपणा येतो, बाजरीच्या तर आठवड्यातच. नाचणी चालते, पण ५० ग्रॅमच्या वर गेली की ब्रेड काळा आणि जड होतो. बेसन एखादा चमचा घातलं तर रंग छान येतो, जास्त घातलं तर धिरड्याचा वास. राजगिरा मला आवडत नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

आता प्रमाण. काटा वापरा, वाटीवर जाऊ नका. इसबगोलात पाच ग्रॅमचा फरक पडला तरी सगळं बिनसतं. ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाची पिठी १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ९० ग्रॅम. कॉर्नफ्लोअर म्हणजे तो पांढराशुभ्र स्टार्च, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. साधा इसबगोल २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, तेल २० ग्रॅम, एक चमचा लिंबाचा रस आणि पाणी एकूण ३९० मिली. पाणी वाचून दचकाल, पण ते बरोबर आहे. लिंबाच्या जागी व्हिनेगर चालतं, फक्त माल्ट व्हिनेगर नको, ते बार्लीपासून करतात आणि बार्लीतही ग्लूटेनच. यीस्ट व्हीगन लोकांना चालतं. ती बुरशी आहे, प्राणी नव्हे. आमच्या मुलीने हे मला तीनदा समजावून सांगितलंय.

१५० मिली पाणी उकळा, गॅस बंद करून त्यात ज्वारीतलं ५० ग्रॅम पीठ घालून ढवळा, झाकण ठेवा. दहा मिनिटांनी हाताला पाणी लावून उकड मळून घ्या. मळण्याची हौस इथे भागवा. एकही गुठळी राहता कामा नये, राहिली तर ब्रेडमध्ये पांढरा खडा लागतो. मग पूर्ण निवू द्या. माझे दोन ब्रेड गरम उकडीत यीस्ट मेल्यामुळे गेलेत.

उरलेलं २४० मिली पाणी कोमट करा, बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढंच. त्यात गूळ विरघळवा, यीस्ट टाका. दहा मिनिटांत फेस आला पाहिजे. नाही आला तर तिथेच थांबा, यीस्ट गेलंय, पुढचं पीठ वाया घालवू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं पाकीट फार टिकत नाही. मी घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीझरला ठेवतो. फेस आला की एका हाताने इसबगोल भुरभुरत दुसऱ्या हाताने भराभर ढवळा. सगळा एकदम टाकलात तर बाहेरून गोळा आणि आत कोरडा भुसा राहतो. पाच मिनिटं थांबा. मग त्यात उकड कुस्करून, बाकीची पिठं, मीठ, तेल, लिंबू घालून हातानेच कालवा.

हा गोळा कणकेसारखा होणार नाही आणि इडलीच्या पिठासारखा ओतताही येणार नाही. थालीपिठाला भिजवतो त्यापेक्षा किंचित सैल. हाताला चिकटेल, आणि तुम्हाला वाटेल की दोन चमचे पीठ अजून घालावं. घालू नका! तुमच्या विटा त्या दोन चमच्यांतून झाल्यात.

साधारण ८ बाय ४ इंचाच्या ब्रेडच्या डब्याला तेल लावून बेकिंगचा कागद घाला, मिश्रण भरा, ओल्या बोटांनी वरून गुळगुळीत करा. झाकून एकदाच फुगू द्या. किती वेळ ते घड्याळ सांगणार नाही. मे महिन्यात आमच्याकडे ३५ मिनिटांत होतं, जानेवारीत सव्वा तास लागतो. दुप्पट व्हायची वाट बघू नका, दीडपट झालं की ओटीजीत. त्यापुढे गेलं की वरचा भाग भेगाळतो आणि भाजताना मधे बसतो.

ओटीजी दोन्ही कॉइल लावून २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. डबा खालच्या जाळीवर. २५ मिनिटांनी वर फॉइल टाका, नाहीतर वरची कॉइल जवळ असल्यामुळे पाठ जळते आणि पोट कच्चं. असा एकूण तासभर, त्यातली शेवटची दहा मिनिटं ब्रेड डब्यातून काढून नुसत्या जाळीवर. झाला की नाही हे सुरी खुपसून कळत नाही, इसबगोलामुळे ती चिकटच निघते. मी वजन करतो. आत जाताना मिश्रण ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं, बाहेर येताना ब्रेड ७०० च्या आत आला पाहिजे. ७४० भरला तर आत पाणी आहे, परत ठेवा.

मग तीन तास हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. गरम असताना आतला स्टार्च अजून बसलेला नसतो. कापलात तर सुरीला खळ लागते आणि तुम्ही म्हणाल, चौथी वीट. मी रात्री भाजतो आणि सकाळी कापतो, मोह नको.

मऊपणाबद्दल खोटं सांगत नाही. हा ब्रेड लादीपावासारखा दाबून परत वर येत नाही, आणि वडापाव यात करू नका, वड्याचा अपमान होतो. पण तव्यावर तेलाचं बोट फिरवून भाजला की कडा कुरकुरीत होतात आणि ज्वारीचा खमंग वास सुटतो. हिरवी चटणी, बटाटा, काकडी, बीट लावून सँडविच केलं तर आमची मुलगी चार तुकडे खाते. दमट हवेत बाहेर दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, फ्रिजमध्ये लाकूड होतो. काप करून फ्रीझरला टाका आणि थेट तव्यावर घ्या.

मुलासाठी घरातल्या बाकीच्या वस्तूंवरही नजर टाका. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या हिंगात बऱ्याचदा ते पीठ गव्हाचं असतं. विकतच्या थालिपीठाच्या भाजणीत गहू असतो, सोया सॉसमध्ये असतो, फरसाणात मैदा असू शकतो. ओट्सही साधे घेऊ नका, 'ग्लूटेन-फ्री' छापलेलेच घ्या.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगतो. या आजाराचा नुसता संशय आहे म्हणून आजपासून गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नका. गहू बंद केल्यावर रक्ताची तपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) दोन्ही फसवू शकतात. आधी डॉक्टर, मग ब्रेड. गव्हाचा हा दोष कळायलाही जगाला फार वेळ लागला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, आणि विलम डिके या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की सिलिअ‍ॅकची मुलं उपासमारीतही सुधारतायत. त्यांचा गव्हावरचा जुना संशय तिथे पक्का झाला, १९५० साली त्यांनी तो प्रबंधात मांडला. बायकोला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या विटा खाण्यापेक्षा उपाशी राहिले असते तरी चाललं असतं."

आणि हो, पहिला ब्रेड कापल्यावर आतून जांभळट दिसला तर घाबरून टाकून देऊ नका. काही इसबगोल भाजल्यावर तसा रंग सोडतात. चव तीच राहते, पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा आणून बघा.