उदासीन नव्हे, उदासवाणं!

नांदेडहून प्रश्न आलाय. चित्रकलेच्या वर्गात इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘हॅडली कॅसल’ दाखवताना सर म्हणाले, ‘या चित्रात एक उदासीन सौंदर्य आहे.’ हे बरोबर का? नसेल तर ‘मेलँकली’ला, म्हणजे खिन्न करणाऱ्या अशा सौंदर्याला, मराठीत काय म्हणायचं?

बरोबर नाही. ‘आज मन उदासीन आहे’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. उदासीन म्हणजे उद् + आसीन, उठून बाजूला जाऊन बसलेला. ज्याला कशाचं घेणंदेणं नाही तो. कौटिल्याच्या राजमंडलातला, म्हणजे त्यानं मांडलेल्या शत्रू-मित्र राजांच्या वर्तुळातला, उदासीन राजा तोंड पाडून बसलेला नसतो, तो भांडणाबाहेरचा आणि सगळ्यांत बळकट असतो. नांदेडकरांना तर मी हे सांगावं का? गुरू नानकांच्या यात्रांना ‘उदासी’ म्हणतात, ते काय दुःख होतं म्हणून? ‘आस उडाली तो उदास’ अशी फोड करणारे विद्वानही भेटतात. त्यांना दुरूनच नमस्कार.

कुणीतरी तुकोबांचं ‘उदास विचारें वेच करी’ पुढं करेलच. करा. तिथं उदास म्हणजे अलिप्तच. दोन्ही शब्द एका घरातले, पण आता वाटण्या झाल्यात: अलिप्तपणा उदासीनकडं गेला, दुःख उदासकडं.

कॉन्स्टेबलनं एसेक्समधला हा पडका किल्ला १८१४ साली पेन्सिलीनं टिपून ठेवला होता. नोव्हेंबर १८२८ मध्ये बायको मारिया क्षयानं गेली, पदरात सात लेकरं. त्यानंतर, १८२९ त, त्यानं हे मोठं चित्र केलं. डावीकडं दुभंगलेला बुरूज, खाली कुत्रा घेऊन निघालेला मेंढपाळ, लांब थेम्सच्या मुखावर ढगांतून उतरलेली उन्हाची तिरीप. याला घेणंदेणं नव्हतं?

शब्द आपल्याकडं तयार आहे: उदासवाणं. यातली खरी गंमत ‘वाणा’त आहे. केविलवाणा, दीनवाणा, लाजिरवाणा. व्याकरणवाले ‘प्रत्यय’ म्हणून हात झटकतात. मला तो ‘वाण’ वाटतो, वर्णापासून आलेला, म्हणजे रंग. दीनवाणा म्हणजे ज्याच्यावर दैन्याचा रंग चढलाय तो. नुसता दीन माणूस आतून दीन असतो. दीनवाणा बघणाऱ्याला तसा दिसतो. ‘लाजिरवाणी गोष्ट’ म्हणतो तेव्हा गोष्ट थोडीच लाजते? लाज आपल्याला वाटते. तसंच दगडाचा बुरूज उदास होत नाही, उदासवाणा होतो. ‘वाणा म्हणजे धनवानातला वान’ असं एका भाषातज्ज्ञांनी मला भर सभेत ऐकवलं होतं. मग केविलवाण्याकडं कसली संपत्ती असते, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आणि याच रांगेत गोजिरवाणाही बसतो, हे विसरू नका! गोजिरं आणि उदास, दोघांना एकच ‘वाण’.

‘भकास’ चालेल का, असंही विचारलंय. नाही. आमच्या गावच्या गढीची पांढरी माती दर पावसाळ्यात ओघळते, बुरुजावर बाभळी उगवल्यात. भर दुपारी तिकडं बघून आजी म्हणायची, ‘पार भकास झालं बघ.’ पण दिवस मावळताना तोच बुरूज तांबूस व्हायचा, राघू कलकलाट करत भिंतीतल्या भोकांत शिरायचे. तेव्हा ती भकास म्हणायची नाही. ‘कसं उदासवाणं वाटतंय,’ म्हणायची, आणि दिवाबत्तीची वेळ झाली तरी ओट्यावरून उठायची नाही.