सत्तरीत यायचंय? बाईंना विचारा

पावसाने चोर्ल्याचा डोंगर झाकला की आमच्या पत्रपेटीत वाळपईबद्दलची पत्रं वाढतात. सत्तरी म्हणजे गोव्यातला डोंगराळ तालुका, वाळपई त्याचं मुख्य ठिकाण. तिथल्या गावांतल्या मराठी शाळांत मी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर वाळपईतच राहिले, म्हणून संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात घातलं. या खेपेची निवडक पत्रं आणि माझी उत्तरं खाली आहेत. उत्तर गोड लागलं नाही तर राग संपादकांवर काढा.

नमस्कार बाई. ऑगस्टमध्ये पुण्याहून दीर-जाऊ, त्यांची पंधरा आणि सतरा वर्षांची मुलं आणि माझ्या सासूबाई येणार आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दोन दिवसांत नाणूसचा किल्ला, ब्रह्मदेवाचं देऊळ, तांबडी सुर्ला, सुर्ल्याचा धबधबा, अंजुणे धरण, हिवऱ्याचा धबधबा, बोंडला, राफ्टिंग आणि जमलं तर दूधसागर असं ठरवलंय. जमेल ना? (एक गृहिणी, वास्को)

जमेल की, गाडीच्या काचेतून! सासूबाईंना डोंगर दाखवायचा असेल तर यादीला कात्री लावा. दूधसागर आधी खोडा. पावसाळ्यात कुळ्याहून जीप चालत नाहीत आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत जाण्याचा विचार पोरांच्या डोक्यात आला तर तो तिथेच मोडून काढा. बोंडलाही सोडा. तिथलं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं आणि पावसात जनावरंसुद्धा आडोशाला बसतात.

आता खरा घोटाळा. सुर्ला आणि तांबडी सुर्ला तुम्ही एका ओळीत लिहिलीत. सुर्ला हे सत्तरीतलं गाव चोर्ला घाटाच्या माथ्यावर आहे. तांबडी सुर्ला धारबांदोडा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. वाळपईहून निघालात की एकाला केरीवरून घाट चढायचा, दुसऱ्याला नगरगावच्या बाजूने रान कापत जायचं. मोबाइलला नुसतं ‘सुर्ला’ सांगून भलत्या डोंगरावर पोचलेली माणसं आमच्याकडे दर पावसाळ्यात दिसतात.

पहिला दिवस देवळांचा ठेवा. आधी नगरगावजवळचं ब्रह्मकरमळी. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन तुम्हाला माहीत असेल. ही मूर्ती मूळची त्या तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा भक्तांनी ती उचलली आणि या रानात आणून ठेवली. पूर्ण उंचीची, उभी, कदंब राजांच्या काळातली मूर्ती आहे. समोरून तीन मुखं दिसतात. ब्रह्मदेवाची देवळं देशातच मोजकी, त्यामुळे सासूबाई इथे रमतील. गाडी जवळपर्यंत जाते, गुडघ्यांना त्रास नाही.

तिथून तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. वाळपईहून धरलं तर अंतर साधारण २२ किलोमीटर. बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं, दगडावर दगड बसवून चुन्याशिवाय उभं केलेलं. लोक समोर उभं राहून फोटो काढतात आणि वळतात. तुम्ही मंडपात बसा. मधोमध नंदी आहे, त्याला डोकं नाही. भोवतीच्या चार खांबांकडे बघा. एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय, ती कदंबांची खूण. ती मुलांना शोधायला लावा, मोबाइल आपोआप खिशात जातील. मग मान वर करून छतातलं दगडी कमळ बघा. पावसाळ्यात आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्या. बाजूने रगाडो नदी वाहते, तिच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. सासूबाईंना मंडपातच बसवा.

दुसऱ्या दिवशी मुलांना राफ्टिंगला पाठवा, बरोबर दीर. म्हादईवर उस्त्याच्या पुलापासून सोनाळपर्यंत, साधारण दहा किलोमीटर. पावसाळ्यातच चालतं. पाणी फार चढलं की बंद ठेवतात आणि फार उतरलं तरी बंद, म्हणून आदल्या दिवशी फोन करूनच निघा. वयाची अटही तेव्हाच विचारून घ्या. ही म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीला जाते, हे मुलांना होडीत बसायच्या आधी सांगा. नंतर ती ऐकायच्या मनःस्थितीत नसतात.

तेवढ्या वेळात तुम्ही, जाऊबाई आणि सासूबाई केरीला जा. अंजुणे धरण रस्त्यावरून दिसतं. धुकं नसेल तर घाट चढून सुर्ल्याला जाऊन समोरच्या कड्यावरचा धबधबा लांबून पाहून या. धुकं असेल तर चहा प्या आणि परत फिरा. त्या घाटात ऑगस्टमध्ये समोरचा ट्रक दिवा लावूनही दिसत नाही. हिवरे आणि नाणूस या खेपेला राहू द्या.

आम्ही पाच मित्र, कॉलेजात आहोत. जुलैत वाळपईकडच्या धबधब्यावर आंघोळ करायची आहे. जिथे तिकीट-बिकीट नाही आणि गर्दी नाही असा एखादा सांगाल का? (म्हापसा)

नाही सांगणार.

कारण सांगते. वाळपईत ऊन पडलेलं असताना वर कणकुंबी-चोर्ल्याच्या पठारावर धो धो पाऊस चालू असतो. ते पाणी ओढ्याने खाली यायला वेळ लागतो. तुम्ही कोंडीत उभे असता, वर निळं आभाळ असतं आणि पाणी येतं. गावची माणसं ते आधी ओळखतात. पाणी गढूळ होतं, पाल्याचे तुकडे आणि काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी चप्पल शोधत बसायचं नाही, काठावर चढायचं. अशा अचानक येणाऱ्या पाण्याला आम्ही हुंवार म्हणतो. हुंवार आला की पोहणारा आणि न पोहणारा यांत फरक राहत नाही. खडक शेवाळाचे असतात, खाली कपारी असतात, आणि तिथे मोबाइलला रेंज नसते.

तिकिटाचं म्हणाल तर बहुतेक धबधबे म्हादई अभयारण्यात आहेत. १९९९ साली जाहीर झालेलं २०८ चौरस किलोमीटरचं हे रान आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. २०२३ च्या जुलैत नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, तेव्हा खात्याने अभयारण्यांतल्या सगळ्याच धबधब्यांवर बंदी घातली होती. नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून वाळपईच्या वनखात्याच्या कचेरीत विचारा, तिकीट काढा, गावातला वाटाड्या घ्या. त्याला दिलेले पैसे गावात राहतात. आंघोळच करायची असेल तर ऑक्टोबर संपताना या, तेव्हा पाणी नितळ असतं आणि तळ दिसतो. बाटल्या मात्र म्हापशातच ठेवून या.

फेब्रुवारीत मित्रांबरोबर वाघेरीवर चढायचा बेत आहे. पण माकडतापाचं ऐकून बायको नको म्हणते. एवढं घाबरण्यासारखं आहे का? (फोंडा)

घाबरू नका, पण बायकोचं ऐका. माकडताप म्हणजे क्यासनूरचा ताप. गोव्यात तो पहिल्यांदा २०१५ साली आमच्या सत्तरीतच, पाली गावात आढळला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. त्याचे दिवस डिसेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे नेमके काजूचे. बागायतीत पाचोळा उपसणाऱ्या, बोंडू वेचणाऱ्या बायकांना त्याचा धोका जास्त. तुम्ही एक दिवस येऊन जाणार, त्या रोज वाकून काम करतात.

चावणारी पिल्लू-गोचीड तिळाएवढी असते, अंगावर चढलेली कळत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट घाला, पँट मोज्यांत खोचा, उघड्या कातडीला कीटक पळवणारं मलम लावा. पाचोळ्यावर बसू नका, पाठ टेकू नका, दगड शोधा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. घरी पोचल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि गरम पाण्याने आंघोळ करून काखा, कमर, गुडघ्यांची मागची बाजू तपासा. पुढच्या आठवड्यात एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ‘सत्तरीच्या रानात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. ते सांगितलं नाही तर साधा फ्लू समजून दिवस वाया जातात.

त्याच दिवसांत काजूच्या भट्ट्या चालू असतात. उतरताना वाटेत कुणी निरो, म्हणजे बोंडूंचा गोड रस, दिला तर नक्की प्या. हुर्राकाचं, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचं, तुमचं तुम्ही बघा, मात्र डोंगर उतरून झाल्यावर आणि गाडी दुसरा कुणी चालवणार असेल तरच.

मुलाला शाळेत राण्यांच्या बंडावर प्रकल्प आहे. नाणूसच्या किल्ल्यावर काही बघण्यासारखं आहे का? (डिचोली)

तट-बुरुज बघायचे म्हणून आणलंत तर मुलगा हिरमुसेल. किल्ला म्हणावा असं फारसं उरलेलं नाही. पण प्रकल्पासाठी इथे यायलाच हवं. २६ जानेवारी १८५२ रोजी सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दीपाजींनी हा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सरकारशी त्यांचा झगडा १८५५ पर्यंत चालला. सत्तरी नव्या काबिजादीतली, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातली. आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादीतल्यासारखा वचक इथे सरकारला कधी बसवता आला नाही, आणि वाढत्या करांनी लोक चिडलेले होते. पुढे १८९५ साली पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार दिला, तेही नाणूसलाच आले आणि राणे त्यांना मिळाले. मुलाला एवढंच विचारा, की बंडवाले पुन्हा पुन्हा याच जागी का आले? मग त्याला तिथे उभं करून चारी बाजूंचं रान दाखवा. त्याचं उत्तर त्यालाच लिहू द्या, तुम्ही लिहून देऊ नका. प्रकल्पात आईचं अक्षर आम्हाला लगेच ओळखू येतं.

शिगम्यात झर्म्याचा चोरोत्सव बघायला बाहेरच्यांनी आलेलं चालतं का? कॅमेरा आणू का? (मडगाव)

चालतं. निरपराध तरुणांना चोर समजून गावाने मारलं, त्याचं हे प्रायश्चित्त, असं सांगतात. कुणाचं डोकं जमिनीत आणि धड बाहेर, कुणी गळ्यापर्यंत पुरलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धसका बसतो, लहान मुलांना पुढे बसवू नका. कॅमेऱ्याबद्दल गावच्या जाणत्यांना विचारा आणि नाही म्हणाले तर वाद नको. पुरलेल्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारणारे पाहुणे मी पाहिलेत. त्यांना गावाने काही म्हटलं नाही, मी म्हटलं. झर्म्याला, करंझोळला गर्दी वाटली तर सत्तरीत इतरत्र घोडेमोडणी बघा. कमरेला घोड्याचा सांगाडा, हातात तलवार, ढोल-ताशे. तिथे फोटो कितीही काढा.

बांबरची ‘निरंकाराची राय’ ही देवराई झाडांच्या अभ्यासकांनी फार वाखाणलीय असं ऐकलं. सामान्य माणसाला त्यात काय दिसणार? (पर्वरी)

चिखलातून वर आलेली गुडघ्यांसारखी मुळं दिसतील. रानटी जायफळाच्या कुळातली ती झाडं बारमाही ओल्या दलदलीत वाढतात आणि चिखलात हवा मिळत नाही म्हणून मुळं वाकून बाहेर श्वास घेतात. अशी दलदल पश्चिम घाटात आता तुरळक ठिकाणी उरलीय. इथे ती टिकली कारण राय देवाची, तिथलं लाकूड कुणी नेत नाही. अभयारण्याच्या पाटीच्या कितीतरी आधीपासूनचा हा नियम आहे. गावातल्या माणसाला बरोबर घ्या, मुळांवर पाय देऊ नका, फळ उचलून पिशवीत टाकू नका. तासभर पुरे.

गाडी नाही. वाळपईला बसने यावं का? (पणजी)

या. पणजी, म्हापसा, फोंडा तिन्हीकडून सरकारी कदंबच्या आणि खाजगी बसगाड्या आहेत. खरी अडचण वाळपईच्या पुढे. गावांना जाणाऱ्या गाड्या मोजक्या आणि त्या शाळेच्या, बाजाराच्या वेळा सांभाळतात. गावात उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची बस विचारून घ्या, आणि तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी थांब्यावर उभे राहा.