परत आले, पण घरी आल्यासारखं वाटत नाही

"मॅडम, माझं काही बिघडलंय का? येऊन दोन महिने झाले, तरी स्वतःच्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटतंय."

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला अधूनमधून ऐकायला मिळतो. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा नुसत्या भटकंतीसाठी बराच काळ परदेशात राहून आलेली माणसं तो विचारतात आणि विचारताना ओशाळतात. जग पाहून झालं, घरचे वाट पाहत होते, मग तक्रार कसली करायची?

ही मुलगी तिशीच्या आसपासची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोकरी सोडून, साठवलेल्या पैशांवर ती वर्षाहून जास्त काळ एकटी फिरून आली होती. कधी स्वस्त हॉस्टेलांत राहिली, कधी राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतावर राबली. परतल्यावरचे आठ-दहा दिवस मजेत गेले. त्यानंतर झोप उडाली, कशात मन लागेना, आईच्या साध्या प्रश्नावरही ती खेकसायला लागली. रात्री फोनवर विमानाच्या तिकिटांचे दर पाहत बसायची.

आधी झोपेचं पाहिलं. जेटलॅगला तिने दोष दिला होता, पण शरीराचं घड्याळ साधारण एका टाइम झोनमागे एक दिवस या हिशेबाने रुळावर येतं. पूर्वेकडे प्रवास केला असेल तर थोडं जास्त जड जातं, पण दोन महिने काही लागत नाहीत. खरं कारण वेगळंच निघालं. प्रवासात भेटलेल्या मित्रांची संध्याकाळ म्हणजे हिची मध्यरात्र, आणि त्यांच्याशी गप्पा मारायला ती रोज जागत होती. मनाने ती अजून तिकडच्या वेळेवरच जगत होती म्हणा ना.

हे नैराश्य तर नाही ना, हेही तपासलं. सलग दोन आठवडे, जवळजवळ दिवसभर मन उदास असेल किंवा आवडत्या गोष्टींतलाही रस गेला असेल, जोडीला भूक-झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. हिचं तसं नव्हतं. मैत्रिणीच्या बाळाला भेटायला गेली तो दिवस छान गेला होता, भूक व्यवस्थित होती.

परतल्यावर स्वतःच्याच घरात परकं वाटण्याच्या या अवस्थेला रिव्हर्स कल्चर शॉक म्हणतात, आणि ती नवी नाही. 1963 साली गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने परदेशात राहून परतलेल्या अमेरिकनांबद्दल लिहिताना मांडलं होतं की परक्या देशात रुळताना मनाची जशी घसरण होते आणि मग ते सावरतं, तशीच दुसरी घसरण घरी परतल्यावर येते. सगळ्यांची गाडी याच वळणांनी जाते असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. तरीही हे ऐकून तिचे खांदे जरा सैल झाले. परक्या देशात अडखळायची तयारी करूनच माणूस निघतो. घरी येताना तशी तयारी कोण करतं?

मग मी तिला एक काम दिलं. प्रवासातला एक साधा दिवस तासातासाने लिहायचा, सर्वांत सुंदर दिवस निवडायचा नाही. शेजारी आत्ताचा एक दिवस लिहायचा.

तिकडच्या रकान्यात दुपारपर्यंतच निर्णयांची रांग लागली होती. कोणती बस, आज रात्री कुठे झोपायचं, या माणसावर विश्वास ठेवायचा का, उरलेले पैसे किती दिवस पुरतील. इकडच्या रकान्यात तिने ठरवलेलं जवळपास काहीच नव्हतं. जेवण तयार, खोली आवरलेली, दिवे कधी मालवायचे तेही दुसऱ्याच्या हातात. कागद पाहून तीच म्हणाली, "मला समुद्र आठवत नाहीये. मी कशी होते ते आठवतंय."

दुसरी गोष्ट तिला आवडली नाही, तरी मी बोलले. बारा खाटांच्या खोलीत तापाने फणफणत काढलेले दोन दिवस, गादीतले ढेकूण, चुकलेली शेवटची बस हे तिच्या आठवणींत कुठेच नव्हतं, कारण फोनमधल्या फोटोंत ते नव्हतं. शिवाय तिकडे "मी फिरतेय" एवढं उत्तर कुणालाही पुरत होतं. इकडे जो भेटेल तो "आता पुढे काय?" विचारत होता, आणि बचत संपत आली होती. माझ्याकडे 'मला इथे करमत नाही' म्हणून येणाऱ्या पुष्कळ तक्रारींच्या तळाशी ही पैशाची आणि पुढच्या कामाची धास्ती सापडते. ती वेगळी काढून तिच्याशी वेगळंच बोलावं लागतं. हिने जुन्या क्षेत्रातच अर्धवेळ काम धरलं, मग तिकिटांचे दर पाहणं आपोआप निम्म्यावर आलं.

पण खरी गाठ सुटली ती भावाशी बोलताना. तिची तक्रार होती की घरात तिचे किस्से कुणी पाच मिनिटांच्या वर ऐकत नाही. मी सुचवलं की सगळा प्रवास सांगू नकोस, एकच किस्सा सांग, आणि त्याआधी विचार की मी नव्हते तेव्हा इथे काय काय झालं. भाऊ म्हणाला, "बाबांच्या दवाखान्याच्या खेपा झाल्या. तीन महिने. तुला सांगायचं नाही असं आईने बजावलं होतं."

ती माझ्यासमोर आधी चिडली आणि मग रडली. तिनेही तापाचे ते दोन दिवस घरी कळवले नव्हते. वर्षभर व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडून "सगळं मजेत" एवढंच पोचत होतं. आता ती जिला 'आपल्यातली दरी' म्हणत होती, त्यातला मोठा भाग या लपवलेल्या गोष्टींचा होता. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांविषयी आल्फ्रेड शुट्झ या समाजचिंतकाने 1945 साली लिहिलं होतं, की परतणारा बदललेला असतो आणि त्याची वाट पाहणारेही. हिच्या घरी दोघांनीही तो बदल एकमेकांपासून झाकून ठेवला होता.

त्या रात्री ती आणि भाऊ उशिरापर्यंत बोलत बसले. बाबांच्या पुढच्या तपासण्या, औषधं, डॉक्टरांच्या वेळा हे सगळं तिने अंगावर घेतलं. कर्तव्य म्हणून तर घेतलंच, पण घरात तिच्या हुकमतीचं काहीतरी असायला हवंच होतं.

पुन्हा जायचं का, हा प्रश्न तिने मला तीनदा तरी विचारला. मी ना हो म्हटलं, ना नको. कामाचा पहिला पगार होईपर्यंत तिकीट काढायचं नाही, एवढंच आमचं ठरलं.

शेवटच्या भेटीनंतर, लेकीची परवानगी घेऊन, तिच्या आईचा फोन आला. "पुन्हा जाईन म्हणते. आमचं काही चुकलं का हो?" मी म्हटलं, तसं काही नाही. लग्नाचं आणि 'आता स्थिर कधी होणार' हे थोडे दिवस राहू द्या. त्याऐवजी तिकडचा तिचा सगळ्यात वाईट दिवस कोणता होता ते विचारा, आणि तुमचाही सांगा.