कांबळी वाटून झाल्यावर पुढे काय?

सलाम. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: साखर कारखान्याजवळच्या गावातली साठ-सत्तर कुटुंबांची तुमची चर्चची मंडळी दर नाताळला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्यांवर, कांबळी आणि फराळ वाटते. तरुण संघाला आता तेवढ्यावर समाधान नाही, सामाजिक न्यायाचं काही करायचं आहे. पाळकसाहेबांना भीती वाटते की हे राजकारण होईल. सुरुवात कुठून करावी?

मी आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत 22 वर्षं काढली. त्यातल्या चुकाच जास्त उपयोगी पडतील, म्हणून त्याच सांगतो.

आधी एक विचारतो, रागावू नका. तुमच्या चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईला महिन्याला किती देता? आम्ही कित्येक वर्षं 800 रुपये देत होतो आणि त्याला 'प्रभूची सेवा' म्हणत होतो. मिशन कंपाउंडच्या जागेच्या खटल्यासाठी वकिलाला देताना मात्र हात आखडला नाही. एका तरुण मुलीने वार्षिक सभेत हिशेबाचा कागद वाचून दाखवला तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली, ती आमच्याकडच्या न्यायाच्या कामाची सुरुवात होती. तुमच्याकडे तीन पैसे जास्त असतील, चार कमी, पण तो कागद आधी बघा. कमिटीत बायका किती आहेत तेही बघा. फक्त चहा आणि सजावटीपुरत्या असतील तर बाहेर जाऊन न्याय सांगायला तोंड राहत नाही.

आता सेवा आणि न्याय यातला फरक. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला आसरा दिला, हे आपण प्रत्येक स्मरणदिनी सांगतो. त्याच 1897 साली त्यांनी दुसरं एक काम केलं, ते आपल्या व्यासपीठांवरून फारसं ऐकू येत नाही. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी इस्पितळात बायकांना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं आणि गव्हर्नरांनी त्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. ख्रिस्ती बाई, आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारविरुद्ध! मुलींना जेवू घातलं तेव्हा कोणाची हरकत नव्हती. हरकत आली ती पत्रानंतर. तुमच्या पाळकसाहेबांची भीती नेमकी इथली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

आमची गोष्ट कांबळ्यांपासूनच सुरू झाली. एका नाताळला कोप्यांवर वाटप चालू असताना बीडकडची एक बाई म्हणाली, "कांबळं नको दादा, पोराला साळंत घ्यायला सांगा." गावातल्या शाळेने दाखला नाही म्हणून परत पाठवलं होतं. आमच्या मंडळीत निवृत्त शिक्षक पाच, आणि एकालाही ते तोवर माहीत नव्हतं! 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, वयाच्या पुराव्यासाठीही अडवता येत नाही. आम्ही कायद्याची प्रत घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. ते आधी चिडले. मग शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांकडे अर्ज दिला, पोच घेतली. पोच घेणं विसरू नका, सगळी जादू त्या शिक्क्यात असते. पंधरा दिवसांत 19 मुलं वर्गात बसली.

आणि महिन्याभरात त्यातली नऊ गळली. आम्ही वैतागलो, "यांनाच शिकायचं नाही" असं म्हणून मोकळे होणार होतो. महिला मंडळाच्या दोघीजणी पहाटे कोप्यांवर जाऊन आल्या तेव्हा कळलं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं पहाटे चार वाजता उसाच्या फडात जातात, मागे तान्हं मूल राहतं, आणि ते सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. तिला शाळेत घालायचं तर तान्ह्याचं काय? म्हणून शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायची, खोली पाळणाघर झाली.

खरी परीक्षा इथे झाली. फरशी घाण होते, पाण्याचं बिल वाढलं, "ही आपली माणसं नव्हेत" असं सुरू झालं. ऊसतोडीच्या टोळ्यांत वंजारी, मातंग, बंजारा. ख्रिस्ती कोणीच नाही. पण सर्वांत मोठा विरोध करणारे गृहस्थ आमच्याच कमिटीत होते आणि त्यांचे दोन ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला होते. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम), मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार), टोळी हा सगळा व्यवहार त्यांच्या घरात चालायचा. बायका पाळणाघरात मूल सोडताना हिशेबाच्या वह्याही दाखवू लागल्या होत्या: किती उचल घेतली, किती फिटली, आजारपणाचे किती दिवस कापले. वह्या वाचणारं कोणी भेटणं हेच काहींना नको होतं. दोन कुटुंबांनी दशमांश, म्हणजे उत्पन्नातून चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, बंद केला. आम्ही पाळणाघर बंद केलं नाही, पण तेव्हाचे पाळक पुढच्या वर्षी बदलून गेले, हेही सांगून ठेवतो.

बायबलमधला आमोस संदेष्टा आठवा. गुरं राखणारा, उंबराची फळं गोळा करणारा माणूस, आणि बेथेलच्या देवस्थानी जाऊन बोलला काय, तर माप लहान करणाऱ्यांबद्दल आणि खोट्या तराजूबद्दल. आपल्या भागात त्याला काटामारी म्हणतात. या पुस्तकावर उपदेश करायचा आणि वजनकाट्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला म्हातारपणी जमेनासं झालंय.

नुसत्या आपल्या बळावर हे होत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सोबती हरित वसई संरक्षण समितीतून टँकरवाले आणि बिल्डरांविरुद्ध उभे राहिले ते 'ख्रिस्ती प्रश्न' म्हणून नव्हे. विहीर आटते तेव्हा वसईच्या कुपारी ख्रिस्ती शेतकऱ्याची आटते, तशी शेजारच्या हिंदू शेतकऱ्याचीही आटते. नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांच्या पाणलोटाच्या कामात आधी गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी मान्य करायची असा दंडक होता. निर्णय गावाचा, चर्चचा माणूस बाजूला. तुम्हीही गावातली शिक्षक मंडळी, आशाताई, एखादा तरुण वकील यांना पहिल्या बैठकीपासून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायका, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बहुतेकांना ठाऊकच नसतं.

धर्मप्रचाराच्या पत्रिका आणि सरकारी अर्ज एका पिशवीत कधीही नेऊ नका. ज्याच्या हातात उपाशी पोर आहे त्याच्यापुढे शुभवर्तमान ठेवणं हा मला त्याच्यावर केलेला जुलूम वाटतो. आणि गावात एकदा संशय आला की शाळेतली मुलं पुन्हा कोपीत जातात. पाळकसाहेबांना सांगा, राजकारण म्हणजे पक्ष. उमेदवाराचा फलक कंपाउंडवर लावू देऊ नका, नाताळच्या स्टेजवर कोणाला माइक देऊ नका, मग अर्ज कितीही करा.

तुम्ही शेवटी दलित ख्रिस्ती लोकांच्या सवलतींचं विचारलंय. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. धर्मांतरित दलितांना हा दर्जा द्यावा का, हे तपासायला 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. हा लढा न्याय्य आहे, माझ्या घरातल्या तीन पिढ्यांच्या दाखल्यांवर त्याच्या खुणा आहेत. तरी सुरुवात त्याने करू नका. ज्या मंडळीने आधी दुसऱ्यासाठी दार ठोठावलं, तिच्यासाठी उद्या दुसरा कोणी येईल; आणि नाही आला तरी अर्ज कसा करायचा, पोच कशी घ्यायची हे तोवर तुमच्या पोरांना येत असेल. मोर्चाला माणसं जमतात, पण फाइल सांभाळणारा एकही नसतो, हे मी पाहिलेलं आहे.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास येतील. त्याआधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी चहा घ्या, भांडायला नको. रेशन दुकानदाराला विचारा, बाहेरगावच्या कार्डावर आधारचा अंगठा घेऊन धान्य देता का. 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये द्यायला हवं. महिला मंडळातून पहाटे उठणाऱ्या दोघी शोधा. कांबळीही वाटा, थंडी खरीच असते. फक्त या वेळी फोटो काढू नका, आणि सोबत एक वही-पेन असू द्या.